पाचवा रकाना

पहिल्या दिवशी, सकाळी सातला,
सावळजच्या शिवारात, चौगुल्यांच्या सोनाकाच्या बागेत
आप्पांनी पाइपात कार्बाइडचा खडा टाकला, वर झाकणभर पाणी,
आणि लायटर दाबला.
भोरड्या, साळुंक्या, दोन-तीनशे तरी,
घोंगडं झटकावं तशा उठल्या
आणि मणेराजुरीच्या अंगाला गेल्या.
दुपारपर्यंत एक फिरकली नाही.

मी आठवीत होते. बाईंनी विज्ञानाचा प्रकल्प दिला होता.
वही मी स्वतःच आखली, चार रकाने:
तारीख, वेळ, किती उडाली, किती मिनिटांनी परतली.

तिसऱ्या दिवशी अर्धा तास.
पाचव्या दिवशी सहा मिनिटं.
सातव्या दिवशी बार झाला तशी
नुसती वरच्या तारेवर सरकून बसली,
शेजारी भांडण लागल्यावर
आपण ताट हातात घेऊन दारात येतो, तशी.
दहाव्या दिवशी एक बुलबुल
थेट पाइपावर. पाइप अजून गरम होता.

बाई म्हणाल्या, छान. याला सरावणं म्हणतात.
जीव हिशेब ठेवतो:
आवाज झाला, पुढं काही झालं नाही.
आवाज झाला, काही झालं नाही.
मग अंग म्हणतं, असू दे.

वहीत पाचवा रकाना आखायला जागा होती.
आखला नाही.

आप्पा रिटायर हवालदार. सतरा वर्षं नोकरी, त्यातली चार पुंछला.
लायटर त्यांच्याच हातात असायचा,
बार कधी होणार हे अख्ख्या बागेत
त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसायचं. तरीही
पहिल्या दिवशी पापणी मिटली.
पाचव्या दिवशी मान खांद्यात गेली.
दहाव्या दिवशी, तो बुलबुल पाइपावर चोच पुसत होता तेव्हा,
आप्पा मांडवाखाली गुडघ्यांवर होते,
डावा हात माझ्या डोक्यावर, खाली दाबून.
मातीला मोरचुदाचा वास येत होता.
"चप्पल अडकली," म्हणाले.
पायात बूट होते.

तिकडं आवाजानंतर काहीतरी होत असणार.
ते आम्हाला कधीच कळलं नाही.

अण्णासो चौगुले तासगावला जाऊन विचारून आले.
दुकानदार म्हणाला, पाखरं शाणी झाल्यात,
वेळ बदला, जागा बदला, अंदाज लागू देऊ नका.
मग टायमरची गॅसतोफ आली. कधी चार मिनिटांनी,
कधी एकवीस. कधी लागोपाठ दोन.
पाखरं पुन्हा उडायला लागली.
त्या वर्षी बेदाण्याला दर चांगला लागला.
आप्पा रात्री घास हातात धरून
बसून राहायचे, कान बागेकडं.
रात्री तोफ बंद असायची.

आईनं त्यांना काही विचारलं नाही.
एक दिवस ओट्याशी उभी राहून म्हणाली,
"पातेलं ठेवतीय."
मग ठेवलं.
दुसऱ्या दिवशी, "तिसरी शिट्टी येईल आता."
धाकटा उमाजी चेंडू भिंतीवर मारायच्या आधी
ओरडायचा, "मारतोय!"
पुढच्या हंगामापर्यंत आमच्या घरात
प्रत्येक आवाजाच्या पुढं
एक माणूस चालायला लागला होता.

प्रकल्पाचा दुसरा नंबर आला.

आप्पांना जाऊन सहा वर्षं झाली.
मी सांगलीत, विश्रामबागला, दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते.
ऑफिसात ड्रॉवर लावायच्या आधी मी पुटपुटते,
मागच्या टेबलावरची मुलगी हसते.
परवा रात्री वारं सुटलं.
खिडकी आपटायच्या बेतात होती.
अर्धवट झोपेत उठले, गज धरला
आणि रिकाम्या खोलीला म्हणाले,
"खिडकी लावतीय हं."

आणि थांबले,
एखाद्या माणसाला
हूं म्हणायला लागतो
तेवढा वेळ.